रंग विटला, बूट शाबूत

जून महिना मध्यमवर्गीय घराच्या अंदाजपत्रकाची खरी परीक्षा पाहतो. शाळेचे शुल्क, वह्या-पुस्तके, गणवेश, दप्तर, छत्री अशी खर्चाची एकेक बाब पुढे येत राहते आणि यादीच्या अखेरीस बुटांची नोंद असते. मोठ्या भावंडाला लहान झालेले कॅनव्हासचे बूट धाकट्याच्या पायाला नेमके होतात, पण धाकटा ते घालावयास राजी नसतो. शिवण उसवलेली नसते, तळ झिजलेला नसतो, कापडही धड असते. तक्रार एकच असते, की बूट जुने दिसतात. पालकांना हा हट्ट वाटतो. शाळेच्या पहिल्या दिवशी साऱ्या वर्गात आपलाच जोड पिवळट दिसणे म्हणजे काय, हे मात्र त्या मुलालाच ठाऊक असते. नवा जोड विकत घेणे आणि जुना जोड लादणे या दोहोंखेरीज तिसराही एक मार्ग आहे. बुटांना घरच्या घरी रंग देता येतो.

वस्तूचे आयुष्य आणि वस्तूचे रूप ही दोन्ही एकाच गतीने संपत नाहीत. कॅनव्हासच्या बुटाचे रूप आधी जाते, आयुष्य बरेच शिल्लक राहते. केवळ रंग विटला म्हणून असा बूट टाकून देणे म्हणजे मुदत भरण्यापूर्वीच ठेव मोडण्यासारखे आहे. चामड्याच्या वस्तू न वापरणाऱ्या घरांत तर कापडी बुटांचा राबता अधिक, त्यामुळे हा प्रश्नही वरचेवर उद्भवतो.

कॅनव्हास म्हणजे मूळचे शिडाचे व तंबूचे जाड कापड. हा शब्द भांगेच्या झाडाच्या लॅटिन नावावरून आला, कारण पूर्वी हे कापड त्या झाडाच्या वाखापासून विणले जाई. आज ते बहुधा सुताचे असते, आणि रंगकामाचे यश याच एका गोष्टीवर अवलंबून असते. सुताला जो रंग चढतो तो पॉलिएस्टरला चढत नाही. म्हणून प्रथम कापडाची परीक्षा करावी. बुटाच्या आतील कडेचा एखादा धागा ओढून घ्यावा आणि मोठ्या माणसाने तो चिमट्यात धरून पेटवावा. सूत कागदासारखे जळते आणि मऊ राख मागे राहते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कठीण मणी होतो. मणी झाला तर हा खटाटोप तेथेच थांबवावा.

दुसरा प्रश्न रंगाच्या निवडीचा. पांढऱ्या पी. टी. बुटांना खडूसारखे पांढरे पॉलिश लावण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. ते पॉलिश कापडावर बसते, कापडात शिरत नाही. त्यामुळे पहिल्या सरीत ते वाहून जाते. रंगाऱ्याचा रंग याहून वेगळा असतो. तो धाग्याच्या आत जातो आणि तेथे टिकतो. परंतु टिकण्याच्याही दोन तऱ्हा आहेत आणि गृहिणींची फसगत बहुधा येथेच होते.

कपडे रंगवण्याच्या छोट्या पुड्या मिळतात, त्यांतील बऱ्याच रंगांना गरम पाणी आणि मीठ लागते. १८८४ साली जर्मनीत काँगो रेड हा रंग पुढे आला. तुरटीसारख्या बंधकावाचून सुतावर थेट चढणारा तो पहिला कृत्रिम रंग. त्याच्या कुळातील रंगांचे कण पाण्यात ऋणभारित असतात आणि भिजलेल्या सुतावरही सौम्य ऋणभार असतो, म्हणून दोघे एकमेकांना दूर लोटतात. मिठामुळे ही ओढाताण कमी होते आणि रंग सुताकडे वळतो. तरीही तो धाग्याला सैलच धरून असतो, आणि ओल्या वापरात थोडाथोडा सुटत राहतो. शिवाय या रंगाला बराच वेळ उष्णता द्यावी लागते. तेवढ्या उष्णतेने बुटाचे कापड व रबर जोडणारे चिकटद्रव्य सैल होण्याचा धोका असतो.

१९५६ साली ब्रिटनमधील इम्पिरियल केमिकल इंडस्ट्रीज या कंपनीने ‘प्रोसियन’ या नावाने नव्या जातीचे रंग बाजारात आणले. त्यांना रिॲक्टिव्ह रंग म्हणतात. सोड्याच्या सान्निध्यात हे रंग सुताच्या रेणूशी रासायनिक बंध जोडतात, म्हणजे ते सुताचाच भाग होतात. त्यांतील काही रंग थंड पाण्यात, नेहमीच्या हवेत चढतात. बुटांसाठी हेच घ्यावेत. हस्तकलेचे व रंगकामाचे साहित्य विकणाऱ्या दुकानांत ‘थंड पाण्यात चढणारा रिॲक्टिव्ह रंग’ असे स्पष्ट सांगून मागावेत.

कामाला मे महिना उत्तम. ऊब रंगाला मानवते आणि बूट लवकर वाळतात. प्रथम नाड्या व आतील पट्टी काढून बूट साबणाने स्वच्छ धुवावेत. तेलाचा डाग राहिला तर तेवढ्या जागी रंग धरत नाही. धुतलेल्या कापडावर पाण्याचा थेंब टाकून पाहावा. थेंब मुरला तर ठीक, मोत्यासारखा वर राहिला तर कापडावर लेप आहे असे समजून पुन्हा धुवावे. रबराच्या कडेवर व्हॅसलिनचा हात फिरवावा किंवा चिकटपट्टी लावावी. व्हॅसलिन कापडाला मात्र लागू देऊ नये.

एक लिटर पाण्यात सुमारे ५० ग्रॅम धुण्याचा सोडा विरघळवून बुटाचे कापड त्यात १५ मिनिटे भिजवावे आणि निथळून घ्यावे. खाण्याचा सोडा येथे उपयोगाचा नाही, तो फार सौम्य असतो. मग पेलाभर पाण्यात दोन लहान चमचे रंग कालवावा. गडद छटा हवी असल्यास चार चमचे घ्यावे. ओल्या कापडावर कुंचल्याने रंग लावावा, शिवणीच्या खाचा व जिभेची आतली बाजू विसरू नये. नाड्या सुती असतील तर त्याही सोड्याच्या पाण्यातून काढून याच रंगात बुडवाव्यात. बूट प्लास्टिकच्या पिशवीत बांधून रात्रभर, शक्य तर २४ तास, ओलेच ठेवावेत. ते वाळले की रंगाची क्रिया थांबते, म्हणून घाई करू नये. नंतर रंग सुटणे थांबेपर्यंत पाणी बदलत धुवावेत आणि सावलीत वाळवावेत.

हातमोजे घालावेत. कोरडी पूड कालवताना नाकातोंडावर फडके बांधावे, कारण ती श्वासातून आत गेल्यास अपाय होऊ शकतो. या कामाला वापरलेले भांडे व चमचा पुन्हा स्वयंपाकघरात आणू नये. रंग पक्का व्हावा म्हणून व्हिनेगर घालण्याचा सल्ला पुष्कळदा ऐकू येतो. आम्ल लोकर, रेशीम व नायलॉन यांच्या रंगांना उपयोगी पडते. सुताच्या या रंगाला सोडाच हवा, व्हिनेगर त्याचे काम बिघडवते.

फळाची अपेक्षाही नेमकी असावी. रंग देऊन कापड गडद होते, फिके कधीच होत नाही. पिवळट पांढऱ्यावर निळा, तपकिरी, गर्द हिरवा चांगला खुलतो. काळा सर्वांत अवघड, कारण रंग कमी पडला तर करडी छटा येते. ओला बूट गडद दिसतो, वाळल्यावर एक पायरी उतरतो. शिवणीचा दोरा पॉलिएस्टरचा असल्यास तो पांढराच राहील. तो दोष मानू नये, निळ्या बुटावर पांढरी शिवण शोभूनच दिसते. शाळेने बुटांचा रंग ठरवून दिला असेल, तर काम हाती घेण्यापूर्वी नियम पाहून घ्यावा.

शेवटी एका ओल्या पांढऱ्या फडक्याने बूट घासून पाहावा. फडक्यावर रंग उतरला तर बूट पुन्हा धुवावा. ही परीक्षा वगळू नये. पहिल्या पावसात मोजे निळे झाले, तर ज्या मुलाला ओशाळलेपणातून वाचवायचे होते त्याला वर्गात दुप्पट ओशाळावे लागेल. तसेच तळ गुळगुळीत झाला असेल, टाच एका बाजूने झिजली असेल किंवा अंगठा पुढे टेकत असेल, तर रंगाचा विचार सोडून नवा जोड घ्यावा. ओल्या फरशीवर पाय घसरण्याचे संकट रंगाने टळत नाही, आणि काटकसरीच्या नावाखाली वाढत्या पायाला आवळणे हे तर शुद्ध नुकसान आहे.

या कामातील एक निर्णय मात्र पालकांनी घेऊ नये. छटा कोणती हवी, ते धाकट्यालाच ठरवू द्यावे आणि मोठ्यांच्या देखरेखीखाली कुंचलाही त्याच्याच हाती द्यावा. भावाने वापरलेला बूट मिळणे आणि स्वतः रंगवलेला बूट घालणे यांतील अंतर मुलांना चांगले कळते. एखाद्या ठिकाणी रंग थोडा कमी-जास्त बसला, तरी तो बूट तो आनंदाने घालील.