हातोडा-पाना : ट्रेलरमधला गारवा जातो कुठे?

मागच्या अंकात गळक्या नळाबद्दल लिहिताना, पुढच्या वेळी ट्रेलरच्या ए.सी.बद्दल लिहू असे आम्ही कबूल केले होते. मंडळातल्या चार-पाच कुटुंबांकडे आता गाडीमागे ओढायचे ट्रेलर आहेत, आणि आपल्याकडे आई-वडील येतात तेही नेमके उन्हाळ्यात. तेव्हा आमच्या हातून काय झाले तेही सांगून टाकतो.

२०२४ च्या जुलैत आम्ही डॅलसहून आईंना घेऊन पालो ड्युरो कॅन्यनला गेलो. (आई म्हणजे आमच्यापैकी एकाच्या आई, दुसरीच्या सासूबाई. वय ७६, राहणार नागपूर.) अमरिलोजवळची ही लाल मातीची दरी फार देखणी आहे. उन्हाळ्यात तिथे संध्याकाळी उघड्या रंगमंचावर 'टेक्सास' नावाचे संगीत नाटक होते, ते १९६६ पासून चालू आहे. आईंना संगीत नाटकांचे वेड, म्हणून हा सगळा घाट.

दुपारी दरीच्या तळाशी पारा १०४ वर, म्हणजे आपले ४० सेल्सियस. छतावरचा ए.सी. सकाळपासून घरघरत होता, तरी आत ९१. मागच्या झोपायच्या खोलीत त्याहूनही जास्त, आणि आई नेमक्या तिथेच पडलेल्या. विचारले तर म्हणाल्या, "अगं, आम्ही पंचेचाळीस डिग्रीत संसार केलाय, मला काय होतंय!" चारच्या सुमारास उठल्या आणि भोवळ येऊन मटकन खाली बसल्या. सकाळपासून वाटीभर ताकाखेरीज पोटात काही गेले नव्हते. वय झाले की तहान लागल्याचे कळतच नाही, हे आम्हाला माहीत असायला हवे होते. गाडीचा ए.सी. लावून त्यांना आत बसवले, मीठ-साखरेचे पाणी घोट-घोट दिले. तासाभराने चेहऱ्यावर रंग आला. नाटक अर्थातच राहिले. नागपूरच्या घराच्या भिंती हातभर जाड, ट्रेलरची भिंत जेमतेम दीड-दोन इंच, हा हिशेब त्यांनी केला नाही आणि आम्हीही नाही.

परत आल्यावर एका दुकानदाराने झटकन निदान केले: दुसरा ए.सी. बसवा. आकडा तीन हजार डॉलरच्या वर. शिवाय आमचा ट्रेलर ३० अँपिअरचा, म्हणजे १२० व्होल्टवर सगळे मिळून ३६०० वॉट. त्यावर दोन ए.सी. एकदम चालत नाहीत. घरी येऊन म्हटले, आधी आहे तोच ए.सी. काय करतो ते मोजून तर पाहू.

स्वयंपाकात वापरायचा टोकदार थर्मामीटर घेतला. ए.सी. छतातल्या जाळीतून खोलीची हवा आत ओढतो, थंड नळ्यांवरून फिरवतो आणि छतातल्या डक्टमधून पुढे-मागे ढकलतो. आत जाणारी हवा ८८, जाळीजवळच्या पहिल्या झरोक्यातून बाहेर येणारी ६८. साधारण १६ ते २२ अंशांचा फरक पडत असला तर यंत्र ठीक समजावे. म्हणजे १३,५०० बीटीयूचे (भारतातल्या हिशेबाने एक टनाहून थोडे जास्त) आमचे यंत्र बिचारे काम चोख करत होते. मग झोपायच्या खोलीतल्या झरोक्याशी थर्मामीटर धरला, तर ७७! केलेला गारवा वाटेतच कुठेतरी सांडत होता.

शनिवारी सकाळी बाहेरची वीज तोडली. नुसते बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढायचा. आणि ए.सी.च्या विजेच्या डब्याला तरीही हात लावायचा नाही, कारण आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. आमच्यातला एक स्टुलावर, दुसरी टॉर्च धरून. चार स्क्रू काढून जाळी खाली घेतली आणि चोर सापडला. छताला १४ इंची चौकोनी भोक असते. त्यात आत येणारी गरम हवा आणि बाहेर जाणारी थंड हवा यांच्यामध्ये एक पडदा हवा. आमच्याकडे तो एका बाजूने लोंबत होता आणि फटीतून दोन बोटे सहज जात होती. थंड हवा खोलीत न येता त्या फटीतून पुन्हा यंत्रातच जात होती. अशाने आतल्या नळ्यांवर बर्फसुद्धा धरतो.

उपाय अगदी साधा. पृष्ठभाग स्पिरिटने पुसून कोरडा केला, फॉइल लावलेल्या फोमच्या तक्त्याचे मापाने तुकडे कापले आणि ॲल्युमिनियमच्या फॉइल टेपने फटी बंद केल्या. टेप धातूचीच घ्या. करड्या रंगाची कापडी टेप गरमीने सुटते, आमच्या ट्रेलरमध्ये तिचेच लोंबते अवशेष होते. मग एकेक झरोका उघडला. डक्ट आणि छताचा तक्ता यांच्यामध्ये प्रत्येक ठिकाणी फट होती, म्हणजे आम्ही छताच्या पोकळीलाही गारवा पुरवत होतो! तिथेही टेप. शेवटच्या झरोक्यापलीकडे डक्ट दोन फूट उगीचच पुढे गेला होता, ते तोंड फोमने बुजवले. (हात खरचटतात, हातमोजे घाला. हे हातमोजे न घातलेला माणूस लिहितो आहे.) फिल्टर धुतला. दीड दिवसाचे काम आणि तीस डॉलरच्या आतला खर्च.

ए.सी.खालच्या छतावरच्या रबरी गादीचे चार बोल्ट मात्र उत्साहाच्या भरात आवळू नका. गादी अर्ध्या इंचापर्यंतच दाबायची असते. जास्त दाबली तर पावसाळ्यात छत गळू लागेल.

खिडक्यांना चंदेरी बुडबुड्यांचा कागद लावला, आणि छतातल्या हवेच्या खिडकीत बसणारी उशी आणली. तिची किंमत ऐकून आम्ही नाके मुरडली होती, पण तिथून डोक्यावर येणारी झळ थांबली. वाळ्याचा पडदा भिजवून लावा, असे आईंनी फोनवर सुचवले. नागपूरला ते ठीक, पण ए.सी. चालू असताना ओलावा वाढवला तर तो सुकवण्यातच यंत्राची शक्ती जाते.

२०२५ च्या जूनमध्ये आई पुन्हा आल्या. या वेळी जवळच्याच तळ्याकाठी दोन रात्री राहिलो. ए.सी. सकाळी आठलाच लावला, कारण दुपारी तापलेला ट्रेलर निवता निवत नाही. बाहेर १०१, आत ७९, आणि झोपायच्या खोलीतल्या झरोक्यातून ७०. दुपारी चहासाठी इलेक्ट्रिक किटली लावली आणि सगळेच बंद! किटली १२ अँपिअर, ए.सी. १३ आणि पाणी तापवायचा हीटर १२. बेरीज तुम्हीच करा. आता चहा गॅसवरच होतो. आईंच्या उशाशी पाण्याची बाटली ठेवून दर तासाला आठवण करतो. त्या वैतागतात, पण पितात. पालो ड्युरोचे नाटक अजून बाकी आहे.

फॉइल टेपची अर्धी गुंडाळी आणि फोमचा मोठा तुकडा उरला आहे. ज्यांना हवा असेल त्यांनी गणपतीच्या आरतीनंतर आम्हाला गाठावे. पुढच्या अंकात गराजच्या दाराची स्प्रिंग. ती मात्र स्वतः का सोडवू नये, ते लिहू.