सचिवालय नवे, मर्जी जुनी



१९४७ साली फाळणीत लाहोर गेले आणि पूर्व पंजाबला राजधानी उरली नाही. मग शिवालिकच्या पायथ्याशी गावे उठवून चंदीगड वसवले गेले. पंडित नेहरूंना जुन्या परंपरांच्या बेड्या नसलेले शहर हवे होते. ७ ऑक्टोबर १९५३ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. पुढे कॅपिटल कॉम्प्लेक्समध्ये ल कॉर्ब्युझिए यांचे उच्च न्यायालय, विधानसभा आणि सचिवालय उभे राहिले.

सचिवालयाची इमारत २५४ मीटर लांब आहे, म्हणजे आपली दहा-अकरा डब्यांची गाडी सहज मावावी. कारकुनांच्या ये-जा करण्यासाठी बाहेरून उतरते रॅम्प आहेत आणि मंत्र्यांचा विभाग वेगळा ओळखू येतो. १९६६ साली पंजाबचे विभाजन झाल्यावर याच इमारतीत दोन राज्यांचे फायलींचे संसार थाटले गेले.

इमारत नवी, पण आत बसलेली साहेबशाही कोणती? शहर उभारणीचे प्रमुख प्रशासक पी. एन. थापर हे स्वतः आय.सी.एस. होते. कामाचा माणूस, यात वाद नाही. परंतु इंग्रजांची चौकट जशीच्या तशी आत आली. सरकारी घरांचे हुद्द्याप्रमाणे तेरा प्रकार पाडले, वर मुख्यमंत्री आणि तळाला शिपाई. शिपायाला दोन खोल्यांचे का होईना पक्के घर, नळ आणि संडास मिळाला. त्या काळी आमच्या गँगमनला तेही नव्हते, म्हणून आम्ही त्याला नावे ठेवणार नाही. पण माणसाचा हुद्दा घराच्या नकाशातच पक्का झाला.

खरी गोष्ट राज्यघटनेत आहे. १९३५ च्या कायद्यात कलम २४० होते : सरकारी नोकर बादशहाची मर्जी असेपर्यंत पदावर. १९५० साली कलम ३१० आले. त्यात बादशहाच्या जागी राष्ट्रपती व राज्यपाल बसले, मर्जी मात्र राहिली. कलम ३११ ने आरोप कळवून चौकशी करण्याचे संरक्षण दिले आणि ते फार मोलाचे आहे. पण त्यालाच एक पळवाट ठेवली : चौकशी करणे व्यवहार्य नाही असे अधिकाऱ्याने लेखी नोंदवले, की आरोपपत्राशिवाय बडतर्फी.

रेल्वेत हीच पळवाट १९६८ च्या शिस्त व अपील नियमांतील नियम १४(२) म्हणून आहे. मे १९७४ च्या वीस दिवसांच्या संपाने ती आम्हाला चांगलीच ओळखीची करून दिली. १९८५ साली तुलसीराम पटेल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद वैध ठरवली. नंतर अपील करता येते, लेखी कारणे न्यायालय तपासू शकते. पण तोवर पगार बंद, क्वार्टर जाण्याची भीती आणि मुलांच्या शाळेची फी थकलेली.

टपाल खात्यातील बांधवांनी हे दूरचे समजू नये. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की खात्याबाह्य टपाल कर्मचारी हे नागरी पदधारक आहेत. आज त्यांना ग्रामीण डाक सेवक म्हणतात. नाव बदलले, पण नियमित कर्मचाऱ्याचा दर्जा आणि पेन्शन त्यांना अजून नाही.

कॅपिटल कॉम्प्लेक्समध्येच १९८५ साली 'उघडा हात' हे स्मारक उभे राहिले. देण्यासाठी उघडा आणि घेण्यासाठीही. त्याच्या पायथ्याशी लोकांनी बसून चर्चा करावी म्हणून खोलगट जागा आखली आहे. प्रत्यक्षात मोर्चे सेक्टर २५ च्या मैदानावर अडवले जातात. ३१ ऑगस्ट १९९५ रोजी सचिवालयाच्या आवारात मुख्यमंत्री बेअंतसिंग यांची बॉम्बस्फोटात हत्या झाली, तेव्हा बंदोबस्ताचे कारण आम्ही जाणतो. पण फेब्रुवारी २०२२ मध्ये चंदीगडच्या वीज कर्मचाऱ्यांनी खासगीकरणाविरुद्ध संप केला, तेव्हा प्रशासनाने एस्मा लावला. २०२५ साली वीजपुरवठा खासगी कंपनीकडे गेलाच.

नोकरशाही नकोच, असे आम्ही म्हणत नाही. खिडकीपलीकडच्या माणसाला आपणही सरकारच वाटतो. आमचे म्हणणे एवढेच आहे, की 'चौकशी व्यवहार्य नाही' हा शेरा मारणाऱ्या अधिकाऱ्याचा शब्द अंतिम नसावा. तीस दिवसांत खात्याबाहेरच्या न्यायाधिकाऱ्याने तो तपासावा आणि तोवर कर्मचाऱ्याला निलंबन भत्ता मिळावा. प्रत्येक शाखेने ही मागणी ठराव करून मुख्य कचेरीकडे पाठवावी.