‘हॉटेल रवांडा’ : नायक आणि थकबाकीदार
रवांडात १९९४ साली सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसे मारली गेली, बहुतेक तुत्सी. ‘हॉटेल रवांडा’ (२००४) या चित्रपटात किगालीतील हॉटेल व्यवस्थापक पॉल रुसेसाबागिना १२६८ जणांना आसरा देतात. याच रुसेसाबागिनांना २०२१ मध्ये दहशतवादाच्या खटल्यात २५ वर्षांची शिक्षा झाली. २०२३ मध्ये सुटका झाली. त्यांनी आश्रितांकडून पैसे घेतले, असे तेथून वाचलेले काही जण सांगतात.

नायक खरा की खोटा, या वादात मोठा थकबाकीदार मात्र नामानिराळा राहतो. कत्तल चालू असतानाच, २१ एप्रिल १९९४ रोजी, सुरक्षा परिषदेने तेथील शांतिसेना २७० जणांवर आणण्याचा ठराव केला. एकट्याच्या धैर्याला दाद द्यावीच. हिशेब मात्र जबाबदारी टाळणाऱ्या संस्थांकडे मागावा.