नकाशाबाहेरचे तुडील

महाडच्या पुराची चर्चा दर पावसाळ्यात उसळते आणि दिवाळीपर्यंत विरून जाते. मंत्री येतात, पंचनामे होतात, गाळ उपसण्याच्या निधीचे आकडे जाहीर होतात. आकड्यांच्या या गदारोळात सावित्रीच्या खाडीपट्ट्यातील तुडीलसारख्या गावाला स्थान नसते. शहराचे नियोजन नगरपालिकेच्या हद्दीपाशी संपते; सावित्रीचे पाणी मात्र जकातनाक्यापाशी थांबून परवानगी विचारीत नाही. महाडच्या औद्योगिक वसाहतीचे सांडपाणी वाहिनीने ज्या खाडीत सोडले जाते, त्या खाडीच्या काठचा मच्छीमार शहराच्या कोणत्याच तक्त्यात नाही. तो ‘ग्रामीण’ आहे, एवढीच त्याची सरकारदरबारी ओळख.

ही ओळख ठरते कशी? जनगणनेच्या व्याख्येनुसार ज्या गावाला नगरपालिका नाही ते शहर ठरण्यासाठी किमान ५००० वस्ती, चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसांची घनता आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेर असावे लागतात. स्त्रियांचे काम या कसोटीत मोजलेच जात नाही. खाडीपट्ट्यातील ज्या घरांची चूल मुंबईच्या किंवा आखाताच्या पैशावर पेटते, त्या घरांचा कर्ता गणनेच्या वेळी गावात नसल्याने तोही या हिशेबातून गळतो. व्याख्या निष्पाप दिसते. पण कोणाच्या वाट्याला गटार, दिवा आणि पूररेषा येणार, याचा निवाडा तिच्यातच दडलेला असतो.

असे असताना कार्यकर्त्यांना शहाजोग उपदेश केला जातो, की नगरनियोजन हे शास्त्र आहे, ते तज्ज्ञांवर सोपवावे. मुंबईच्या विकास आराखड्याने या तज्ज्ञतेची पुरती शोभा केली. फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मसुद्यात उभ्या इमारतींवरून रस्ते नेलेले होते आणि वारसावास्तू गायब होत्या. नागरिकांनी नकाशे समोर पसरून आपापल्या गल्ल्या शोधल्या, हरकतींचा ढीग रचला, आणि एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांना तो मसुदा बाजूला ठेवून फेरतपासणीचा आदेश द्यावा लागला. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ नुसार आराखड्यापूर्वी प्रत्यक्ष जमीनवापराची पाहणी व नकाशा बंधनकारक आहे. कायदा नागरिकाला हरकतीचा अधिकार देतो. नकाशा वाचण्याची विद्या देत नाही. ज्याला ती येत नाही त्याचा अधिकार कागदावरच राहतो.

याहून खेदाची गोष्ट अशी, की ‘आकडे म्हणजे सरकारी थापा’ हे वाक्य पुरोगामी वर्तुळातही मोठ्या अभिमानाने उच्चारले जाते. थापा पकडायच्या तर आकडा उलगडता आला पाहिजे. दरडोई पाण्याची सरासरी काढताना टाकीखालचा बंगला आणि टँकरमागे धावणारी वाडी एकाच बेरजेत घातली जाते. प्रभागवार आकडे मांडताच ती सरासरी उघडी पडते. रंगीत नकाशातही हाच डाव असतो. विस्ताराने मोठा पण विरळ वस्तीचा प्रभाग डोळ्यांत भरतो, आणि दाटीवाटीची झोपडपट्टी ठिपक्याएवढी उरते. भागाकार कशाने केला, हा पहिला प्रश्न विचारण्यास संगणकही लागत नाही.

महाडला हा धडा परका नसावा. चवदार तळे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव नगरपालिकेने १९२४ मध्ये केला आणि तो दप्तरातच राहिला. मार्च १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारोंनी ते पाणी ओंजळीत घेतल्यावर सनातन्यांनी खासगी मालकी आणि अनादी वहिवाट पुढे करून न्यायालय गाठले. मार्च १९३७ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांचे अपील फेटाळले. तळे नगरपालिकेचे ठरले, आणि वहिवाट पुराव्याने सिद्ध झाली नाही. हक्क सत्याग्रहाने मिळवला, पण दहा वर्षे तो टिकवताना कागद आणि नोंदी हाताळाव्या लागल्या. पुढे १९८५ मध्ये, पदपथवासीयांच्या खटल्याचा निकाल लागला त्या वर्षी, ‘स्पार्क’ या संस्थेने मुंबईच्या भायखळा परिसरात पदपथांवरील सहा हजारांवर कुटुंबांची गणना केली. ज्यांना महापालिका केवळ अडथळा समजत होती त्यांची संख्या, त्यांचे धंदे आणि मूळ गावे त्यामुळे प्रथमच तक्त्यांत उतरली.

आता महाडचा प्रश्न. जुलै २०२१ मध्ये सावित्रीच्या उगमाकडे, महाबळेश्वरला, २४ तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच अतिवृष्टीत महाडची बाजारपेठ बुडाली आणि तळियेत दरडीखाली ऐंशीहून अधिक माणसे गेली. पाऊस हवामान खात्याच्या वहीत, नदीची पातळी जलसंपदा विभागाकडे, भरतीचे वेळापत्रक बंदर खात्याकडे, जमिनीचा वापर नगररचना कार्यालयात, आणि दासगावजवळच्या ज्या भरावामुळे पाणी अडते अशी महाडकरांची तक्रार आहे तो कोकण रेल्वेचा. प्रत्येक खाते आपापल्या वहीपुरते निर्दोष! पाऊस, पातळी आणि भरती या तीन रेषा एकाच वेळेच्या अक्षावर मांडल्या, की पाणी केव्हा आभाळातून आले आणि केव्हा खाडीने परत ढकलले, हे शाळकरी मुलालाही दिसू लागेल. भरावाची तक्रार खरी की खोटी, याचा निकालही अशाच मोजणीतून लागेल; घोषणेने लागणार नाही.

याला लागणारी साधने आता फुकट मिळतात. ‘क्यूजीआयएस’ ही नकाशाप्रणाली विनामूल्य आहे आणि जनगणनेचे गाववार तक्ते खुले आहेत. शंभर शहरांत ‘स्मार्ट सिटी’च्या नावाने नियंत्रणकक्ष उभे राहिले, त्यांच्या पडद्यांवर खाडीपट्टा दिसण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. महाडपासून तुडीलपर्यंत दहा कार्यकर्त्यांनी फीत घेऊन घरोघर जावे. भिंतीवरची पुराची खूण जोत्यापासून किती उंच, पाणी कोणत्या तासाला आले, केव्हा ओसरले, एवढेच टिपावे. जोत्याची उंची गाठीशी असली, की या नोंदींतून पुराच्या खोलीचा नकाशा तयार होतो. तो २५ वर्षांच्या पुराची निळी आणि १०० वर्षांच्या पुराची तांबडी रेषा दाखवणाऱ्या सरकारी नकाशावर ठेवावा, आणि जेथे दोन्ही जुळत नाहीत तेथे लेखी हरकत घ्यावी. हे काम लांबणीवर टाकता येणार नाही. दर दिवाळीला भिंतींना रंग लागतो, आणि २००५ च्या किती खुणा त्याखाली गेल्या याची मोजदाद कोणत्याही खात्याकडे नाही.