गोदामाला जोडणी, वस्तीला ‘ना हरकत’

जागतिक बँकेचा ‘डुइंग बिझनेस’ हा अहवाल दरवर्षी निघत असे, तेव्हा आपल्याकडची वृत्तपत्रे तो मोठ्या मथळ्यांनी छापत. बांधकाम परवाने देण्याच्या बाबतीत १९० देशांमध्ये भारताचा क्रमांक २०१७ च्या अहवालात १८५ वा होता, तो २०२० च्या अहवालात २७ वा झाला. वीजजोडणीत २०१५ च्या अहवालात १३७ वा होता, तो २०२० च्या अहवालात २२ वा झाला. देश बदलला, परवान्याचे राज्य संपले, असे ढोल त्यावेळी वाजवले गेले. पुढे काही देशांच्या आकड्यांत घोळ आढळल्याने जागतिक बँकेने सप्टेंबर २०२१ मध्ये हा अहवालच बंद केला. त्या घोळात भारताचे नाव नव्हते, हे आम्ही प्रामाणिकपणे सांगतो. आमचा प्रश्न आकड्यांच्या खरेखोटेपणाचा नाहीच. हे मोजमाप कोणाचे होते, एवढेच आम्हाला विचारायचे आहे.

या मोजमापासाठी अहवालाने एक नमुना ठरवला होता. सुमारे १,३०० चौरस मीटरचे, दोन मजली, नव्याने बांधलेले एक गोदाम. मालक कंपनी, जमीन तिच्या नावावर, नकाशा वास्तुविशारदाने काढलेला. अशा गोदामाला परवाना, पाणी, मलनिःसारण आणि वीज मिळवण्यासाठी किती खेटे, किती दिवस आणि किती पैसे लागतात, हे मोजायचे. तेही भारतात फक्त मुंबई आणि दिल्ली या दोन शहरांत. या दोन शहरांनी अर्ज ऑनलाइन केले, बरीच खाती एका खिडकीत आणली आणि देशाचा क्रमांक वर गेला. ही सुधारणा खोटी नव्हती. पण ती गोदामाची सुधारणा होती.

२०११ च्या जनगणनेनुसार याच मुंबईच्या सव्वा कोटी लोकसंख्येपैकी सुमारे ५२ लाख माणसे झोपडपट्टीत राहत होती. त्यांत आपला समाज किती मोठ्या संख्येने आहे, हे वाचकांना सांगायला नको. गावकुसाबाहेरून आलेल्या माणसाला शहरातही नाल्याकाठी, डोंगरउतारावर नाही तर रेल्वेच्या कडेलाच जागा मिळाली. त्याचे घर त्या नमुन्यात बसत नाही. जमीन नावावर नाही म्हणून नकाशा नाही, नकाशा नाही म्हणून परवाना नाही, आणि परवाना नाही म्हणून नळ नाही. तो या रांगेत किती दिवस उभा राहिला हे कोणी मोजले नाही, कारण त्याला मुळात रांगेतच धरले नव्हते.

ही अडचण गरिबीची नसून नियमाची आहे, हे समजून घ्यायचे असेल तर एकाच झोपडीतल्या दोन गोष्टी पाहाव्यात. अनेक झोपड्यांत विजेचे मीटर असते आणि नळ नसतो. असे का? विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ४३ मध्ये लिहिले आहे की जागेचा मालक किंवा भोगवटादार यांपैकी कोणीही अर्ज केला तर त्याला वीज द्यावी लागेल. ‘भोगवटादार’ या एका शब्दाने लाखो घरांत दिवा लागला. पाण्याच्या बाबतीत मात्र १९९६ च्या शासकीय परिपत्रकाचा आधार घेऊन वर्षानुवर्षे पात्रतेची तारीख विचारली गेली. तुम्ही कधीपासून राहता? १९९५ च्या आधीपासून? २००० च्या आधीपासून? तहान कोणत्या तारखेपासून लागते, असा प्रश्न या व्यवस्थेला कधी पडला नाही.

बरे, परवानगी नाकारली म्हणून माणूस पाणी प्यायचा थांबतो काय? तो टँकरवाल्याकडून घेतो, दलालाने काढून दिलेल्या जोडणीवरून घेतो, आणि इमारतीतला माणूस देतो त्याच्या कितीतरी पट दर मोजतो. म्हणजे पालिकेने नाकारलेले पाणी वस्तीत येतेच. फक्त त्याचा पैसा पालिकेच्या तिजोरीऐवजी दुसऱ्याच्या खिशात जातो. वर चोर ठरतो तो वस्तीतला माणूस. ही व्यवस्था आंधळी आहे असे आम्ही म्हणणार नाही. तिला सगळे दिसते आणि त्यावर अनेकांची पोटे भरतात.

या अन्यायाविरुद्ध पाणी हक्क समितीने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. डिसेंबर २०१४ मध्ये न्यायालयाने सांगितले की पाण्याचा हक्क हा संविधानाच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि झोपडी अनधिकृत आहे एवढ्या कारणाने पाणी नाकारता येणार नाही. मुंबई महापालिकेचे ‘सर्वांसाठी पाणी’ हे धोरण मात्र मे २०२२ मध्ये आले. मध्ये सात वर्षांहून अधिक काळ गेला. धोरण आल्यावरही नळ आपोआप येत नाही. जमीन कोणत्या खात्याची, त्या खात्याची ना हरकत कुठे आहे, हे प्रश्न उभेच राहतात.

महाडचा इतिहास ज्यांना माहीत आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये केला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले, पण ओंजळ कोरडीच राहिली. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो माणसांसह तळ्यावर गेले, तेव्हा त्या कागदाला पाणी लागले. त्यानंतरही नगरपालिकेने त्याच वर्षी आपला ठराव मागे घेतला आणि उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल यायला १९३७ उजाडले. ठराव, निकाल आणि धोरण यांच्या पुढे माणसांना स्वतः चालत जावे लागते, हा महाडचा धडा आहे.

म्हणून आमचे कार्यकर्त्यांना सांगणे आहे. जयंतीच्या मंडपाला वीज मिळावी म्हणून आपण ज्या तडफेने अर्ज करतो, त्याच तडफेने वस्तीच्या नळासाठी करावा. तोंडी विनंती करू नये, नगरसेवकाच्या चिठ्ठीवर विसंबू नये. अर्ज लेखी द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित सेवा मुदतीत मिळाली नाही तर अपील करता येते आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला दंड होऊ शकतो. विजेच्या नव्या जोडणीसाठी केंद्राच्या नियमांत २०२४ च्या दुरुस्तीनंतर महानगरात ३, इतर नागरी भागात ७ आणि ग्रामीण भागात १५ दिवसांची मुदत आहे. अर्ज नाकारला तर कारण लेखी मागावे. लेखी कारण हा पुढच्या लढ्याचा पहिला पुरावा असतो.

आणि मागणी एकच ठेवावी. विजेच्या कायद्यात जो ‘भोगवटादार’ हा शब्द आहे, तो पाण्याच्या नियमांतही आला पाहिजे. जो राहतो त्याला पाणी. जमिनीचा वाद त्याच्या जागी चालू राहू द्या. गोदामाला किती दिवसांत जोडणी मिळते यावर देशाचा क्रमांक लावणाऱ्यांनी तो खुशाल लावावा. नाल्याकाठच्या बाईच्या डोक्यावरचा हंडा कधी उतरतो, हे आपण मोजत राहू.