हिवाळ्यात उघडणारी घरे

मुंबई-पुण्याकडे नाताळच्या सुट्टीत माणसे घराला कुलूप लावून फिरायला जातात आणि चोर त्या कुलपांच्या मागावर असतात. आमच्या बारडोलीत नेमके उलटे आहे. इथली कितीतरी घरे दहा-दहा महिने बंद असतात आणि डिसेंबर लागला की उघडतात. इंग्लंड, अमेरिका, न्यूझीलंडला स्थायिक झालेली मंडळी मुलाबाळांसह येतात, घर झाडूनपुसून घेतात, अंगणात मांडव पडतो आणि बँकेच्या लॉकरमधले दागिने घरातल्या कपाटात येतात. त्यामुळे सुरक्षेच्या कामात असलेल्या आम्हा लोकांची खरी कसोटी बंद घरापेक्षा भरलेल्या घरात लागते.

माझ्या हाताखाली नंदुरबार, नवापूर, साक्रीकडची बरीच मुले आहेत. भुसावळ-सुरत गाडीने सकाळी निघाले की दुपारी इथे. गणवेश चढवला, हातात काठी-शिट्टी दिली की पहारेकरी तयार, अशी पुष्कळांची समजूत आहे. कायद्याला ती मान्य नाही. खासगी सुरक्षा संस्थांसाठी २००५ साली देशभराचा कायदा झाला. त्यानुसार संस्थेकडे राज्य शासनाचा परवाना हवा, माणसाच्या पूर्वचारित्र्याची तपासणी हवी, त्याच्याजवळ फोटोचे ओळखपत्र हवे. प्रशिक्षणाचे तासही केंद्राच्या नमुना नियमांत ठरलेले आहेत: १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष कामावर. निवृत्त सैनिक-पोलिसांना त्यात सवलत आहे. पाहुणे येणार म्हणून ऐनवेळी 'दोन माणसे पाठवा' असा फोन करणाऱ्या घरमालकाने आधी परवाना मागावा. विनापरवाना संस्थेचा माणूस स्वस्त पडतो, पण तो कोण, कुठला, हे कोणीच पाहिलेले नसते.

दुसरी गोष्ट माहितीची. ज्याला काही सांगितलेले नाही तो कशाची राखण करणार? मागे एका घरी मी वहीपेन घेऊन बसलो आणि कोण कधी येणार, केटरर कोण, मांडववाला कोण, गाड्यांचे नंबर काय, असे विचारू लागलो. घरातल्या बा हसून म्हणाल्या, "भाई, लग्न आमच्याकडे आहे की तुमच्याकडे?" मी म्हटले, "बा, चार दिवस दोघांकडेही आहे." त्यांनी मग सुनेला हाक मारून सगळी यादी लिहून दिली. ती यादी दारावर असली की पहारेकऱ्याला कोणाला अडवताना संकोच वाटत नाही, आणि खऱ्या पाहुण्याचा अपमानही होत नाही.

या वहीचा आणखी एक उपयोग आहे, तो फारसा बोलला जात नाही. चोरी झाली की पहिला संशय दारावरच्या माणसावर येतो. बाराबारा तास थंडीत उभ्या राहिलेल्या पोराकडे आपल्या बाजूने दाखवायला त्या वहीवाचून दुसरे काय असते? आले-गेले, वेळ, सही. आळस न करता लिहा, हे मी आमच्या मुलांना रोज सांगतो.

डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत इथे कमुरता, म्हणजे आपला धनुर्मास. जुन्या वळणाच्या घरांत त्या काळात लग्न नाही. मग पहिला पंधरवडा आणि संक्रांतीनंतरचे दिवस यांत सगळी दाटी होते. नेमकी तेव्हाच आमच्या मुलांना सारंगखेड्याच्या दत्तयात्रेची सुट्टी हवी असते! ती आधीच ठरवून द्यावी हे बरे. नाहीतर ऐन लग्नात दारावर असा नवखा माणूस उभा राहतो, ज्याला घरातला मामा कोण आणि तोतया मामा कोण हे कळत नाही.

लग्नाच्या हॉलमध्ये सगळे पहारेकरी फाटकावर उभे करणे ही हौस झाली. तिथे दोन जागा जपायच्या: चांदलो लिहून घेतात ते टेबल आणि नवरीची खोली. फोटोसाठी उठताना खुर्चीवर ठेवलेली पर्स, आणि नटूनथटून आलेले पण कोणाचेच नसलेले पोर, या दोन्हींवर डोळा हवा. दागिने लॉकरमधून आणायला घरचे दोघे जावेत, वेळ नोकरचाकरांत बोलू नये, आणि समारंभ संपताच बँकेच्या पुढच्याच दिवशी ते परत जावेत. दुसरा-चौथा शनिवार बँक बंद असते हे परदेशातल्या मंडळींच्या लक्षात राहत नाही. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमांनुसार लॉकर उघडल्याचा संदेश त्याच दिवशी ग्राहकाच्या मोबाइलवर यायला हवा. तो कोणत्या नंबरवर येतो, हे आल्या आल्या तपासून घ्यावे. कित्येकांचा तिथे नोंदवलेला नंबर केव्हाच बंद पडलेला असतो.

उत्तरायणाचे दोन दिवस मला सर्वांत अवघड वाटतात. १४ आणि १५ जानेवारीला सगळे घर गच्चीवर, नजर आभाळात, कानात गाण्यांचा गोंगाट, आणि खाली दार सताड उघडे. उंधियू चुलीवर ठेवून बायकाही वर. त्या दिवशी पहारेकऱ्याला 'ये रे, तूही एक पतंग उडव' म्हणून वर बोलावू नका. त्याला उंधियू खालीच द्या.

आता जरा नाजूक विषय. हाच ऊसतोडीचा हंगाम. बाबेनचा साखर कारखाना सुरू असतो आणि डांग, तापी, धुळे, नंदुरबारकडची तोडणी कामगार कुटुंबे उघड्यावर पाल टाकून राहतात. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकापासून त्यांच्या हालांवर लिहिले आहे. सोसायटीत चप्पल जरी हरवली तरी बोट पालाकडे जाते. माझा अनुभव असा की, मोठी चोरी घरातली वेळापत्रके माहीत असलेल्याकडून होते. पहाटे चारला कोयता घेऊन फडात जाणाऱ्या माणसाला तुमच्या कपाटाची काय खबर? आमच्या मुलांपैकी काहींचे आईबाप त्याच पालांत आहेत. पाणी मागायला आलेल्या बाईला हाकलून देण्याला पहारा म्हणत नाहीत.

खरे तर याच गावाने पहारा कसा असतो ते दाखवले होते. १९२८ च्या सत्याग्रहात जप्तीचे अधिकारी येताना दिसले की स्वयंसेवक ढोल-शंख वाजवत, आणि गुरांसकट सारी माणसे दारे लावून आत बसत. एक घर दुसऱ्याची खबर ठेवत होते. आज शेजारी पाहुणे कधी आले नि कधी गेले हे शेजाऱ्याला ठाऊक नसते.

आणि पाहुणे गेल्यानंतर? फेब्रुवारीत विमान उडाले की सोसायटीत पुन्हा शांतता. फाटकात साचलेली वर्तमानपत्रे आणि भरदुपारी जळणारा व्हरांड्यातला दिवा, या दोन गोष्टी 'घरात कोणी नाही' असे ओरडून सांगतात. पेपर बंद करावा, दिव्याला टायमर बसवावा, चावी कोणाकडे ते एकाच विश्वासू शेजाऱ्याला आणि संस्थेला लिहून द्यावे, पोलीस ठाण्यातही कळवावे. आणि नातवंडांना सांगावे, 'बाय बाय बारडोली'चे विमानतळावरचे फोटो आठ दिवसांनी टाकले तरी चालतील.