नापास झालीस तर...

फेब्रुवारी उजाडला की वर्तमानपत्रांतून परीक्षेच्या भीतीवर लेख येऊ लागतात. वेळापत्रक करा, जागरण टाळा, सकस खा, मन शांत ठेवा. सल्ला खोटा नाही. पण ज्या विद्यार्थ्याला डोळ्यांसमोर ठेवून तो दिलेला असतो, त्याला स्वतःची खोली असते, त्याची आई घरी असते, आणि नापास झाला तरी त्याचे आयुष्य तिथेच थांबणार नसते. बीड जिल्ह्यातल्या नारायणगडाच्या आसपासच्या गावांतली दहावीची मुलगी या चित्रात कुठे बसते?

नारायणगडाला लोक धाकटी पंढरी म्हणतात. आषाढीला गड माणसांनी फुलतो. दसरा-दिवाळी झाली की मात्र या भागातली गावे रिकामी होऊ लागतात. पाऊस भरवशाचा नाही, हाताला काम नाही, म्हणून मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे ऊसतोडीला जातात. पट्टा पडून माणसे घरी येतात ती बहुधा मार्च-एप्रिलमध्ये. दहावीचा खरा अभ्यास आणि दहावीची परीक्षा नेमकी याच काळात येते. घरात आजी, धाकटी भावंडे, एखादी शेळी, आणि या सगळ्यांचे पाहणारी पंधरा वर्षांची पोर. पहाटे उठून पाणी भरायचे, भाकरी थापायच्या, धाकट्याला शाळेत धाडायचे, मग आपले दप्तर उचलायचे.

अशा मुलीला विचारा, तुला भीती कशाची वाटते? ती आधी म्हणेल, गणिताची. मग म्हणेल, इंग्रजीची. थोडा वेळ जवळ बसलात तर तिसरे उत्तर मिळेल, आणि ते खरे असते. ‘नापास झालीस तर...’ हे वाक्य आपल्या घरोघरी बोलले जाते. मुलाच्या बाबतीत त्याचा शेवट ‘पुन्हा बस’ असा होतो. मुलीच्या बाबतीत तो ‘उजवून टाकू’ असा होतो. पेपर तोच, पर्यवेक्षक तोच, वेळही तेवढाच. पण एक जण गुणांसाठी लिहितो आणि दुसरी पुढच्या आयुष्यासाठी लिहिते. तिचा हात कापला तर त्यात नवल काय?

ही धमकी पोकळ नाही, हे मुलगी जाणते. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि उचल कोयत्यावर मिळते. म्हणजे लग्न झाले की कामाला एक जोडी तयार. शिवाय वयात आलेली मुलगी मागे ठेवून सहा-सहा महिने परमुलखात राहायचे, याचा आईबापांना घोर असतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी चाळीसहून जास्त जणींचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले आढळले. साऱ्या महाराष्ट्रात हे प्रमाण बावीसच्या आसपास होते. आईबापांना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. पण थंडीत पहाटे फडात उतरणारी आणि एक दिवस आजारी पडली तर खाडा भरून देणारी आई लेकीच्या वाईटावर कशी असेल? तिच्यासमोर दुसरी वाट कुणी ठेवलेली नाही, हा खरा प्रश्न आहे.

आता निकाल पाहा. २०२५ च्या दहावीच्या परीक्षेत राज्यात मुली ९६.१४ टक्के उत्तीर्ण झाल्या, मुले ९२.३१ टक्के. मुलींची सरशी ही दरवर्षीची बातमी असते. ती वाचून आपल्याला आनंद होतो, व्हायलाच हवा. पण या टक्क्यांत फक्त परीक्षेला बसलेल्या मुली मोजल्या जातात. आठवी-नववीतच शाळा सुटलेली मुलगी कोणत्याच टक्क्यात नसते. आणि ज्या बसल्या, त्या हुशार होत्या हे जितके खरे, तितकेच त्यांना नापास होण्याची मुभा नव्हती हेही खरे.

म्हणून आमचे म्हणणे असे की, परीक्षेची भीती घालवायची असेल तर पहिला इलाज मुलीवर नव्हे, घरावर करावा लागेल. पेपर सुरू होण्याआधी आईने, बापाने, निदान आजीने तिला स्पष्ट शब्दांत सांगावे, ‘निकाल काहीही लागो, तुझे लग्न त्यावर ठरणार नाही.’ आईबाप फडावर असतील तर फोनवरून सांगावे. एवढ्या एका वाक्याने जे होईल ते दहा व्याख्यानांनी होणार नाही.

हे वाक्य नुसते धीराचे नाही, त्याला आधार आहे. नापास होणे आता पूर्वीसारखे वर्ष बुडवणारे राहिलेले नाही. २०१५ पासून निकालानंतर लगेच पुरवणी परीक्षा घेतली जाते. एक-दोन विषय राहिले तरी अकरावीला प्रवेश मिळू शकतो. शाळा सुटलेल्या मुलीला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येते. ही माहिती मास्तरांना असते, मुलांच्या गप्पांतही फिरते. मुलींच्या घरापर्यंत ती पोचत नाही. ती पोचवणे हे आपले काम आहे.

ओझे उतरले की मग अभ्यासाच्या युक्त्यांना अर्थ येतो. मुलींनो, थोडे तुमच्याशी बोलते. तोच धडा पाच वेळा वाचण्यापेक्षा एकदा वाचून पुस्तक मिटा आणि आठवेल ते लिहून काढा. जे आठवले नाही तेवढेच पुन्हा पाहा. चूल पेटवताना, पाणी भरताना मनात उत्तर म्हणून पाहता येते. त्याला टेबल-खुर्ची लागत नाही. जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवा. गणिताची धास्ती असेल तर आधी हिशेब करा : शंभरातले वीस गुण अंतर्गत असतात आणि पस्तीस गुणांना विषय सुटतो. जे प्रकरण येते ते पक्के करा, न येणाऱ्याच्या मागे शेवटचे आठ दिवस घालवू नका. पेपर हातात आल्यावर छाती धडधडली, सगळे विसरल्यासारखे झाले, तर घाबरू नका. भीतीने शरीर असेच वागते. पेन खाली ठेवा, श्वास सावकाश आत घ्या आणि त्याहून सावकाश सोडा. असे चार-पाच वेळा करून येणाऱ्या प्रश्नापासून सुरुवात करा.

आणि भीती पोटात ठेवू नका. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांचा एक प्रयोग २०११ साली प्रसिद्ध झाला. परीक्षेच्या आधी दहा मिनिटे आपल्या मनातली भीती कागदावर उतरवलेल्या विद्यार्थ्यांना त्या प्रयोगात जास्त गुण मिळाले. आपल्या बायकांच्या गटांना हे नवे नाही. बोलल्याने, लिहिल्याने मन हलके होते, हे आपण जात्यावरच्या ओव्यांपासून जाणतो.

राहिला प्रश्न आपला, मोठ्या बायकांचा. गावात बचत गट आहेत, महिला मंडळे आहेत. परीक्षेच्या काळात दहावीच्या मुलींसाठी संध्याकाळचे दोन तास एखाद्या घरात दिवा आणि जागा देता येणार नाही का? त्या दोन तासांत तिची भावंडे शेजारणीने सांभाळायची. केंद्र लांब असेल तर चार घरांनी मिळून जीप ठरवायची. पेपरच्या दिवशी पाळी आली तर लाजायचे नाही, पॅड दप्तरात आधीच असू द्यायचे, हे तिला कुणीतरी सांगायचे. हंगामी वसतिगृह वेळेवर सुरू झाले का, हे शाळा व्यवस्थापन समितीत विचारायचे. शासनाने २०२१ साली ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजनेत ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे ठरवली. आपल्या तालुक्यातल्या वसतिगृहात मुलींच्या किती जागा भरल्या, हे जाऊन पाहायचे.

आणि निकालाच्या आसपास एखाद्या अल्पवयीन मुलीचे लग्न ठरल्याचे कानावर आले, तर गप्प बसायचे नाही. १०९८ या क्रमांकावर फोन करता येतो. मन फार खचलेल्या मुलीसाठी १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक आहे. दोन्ही ठिकाणी पैसे पडत नाहीत.

मुलीला परीक्षा द्यायला बळ हवेच. पण परीक्षा म्हणजे परीक्षा, तिच्या आयुष्याचा निवाडा नव्हे, एवढे तिच्या घराने आणि गावाने मान्य केले तर निम्मी भीती केंद्राच्या दारापर्यंतही येणार नाही. तेव्हा या वर्षी ‘नापास झालीस तर...’ हे वाक्य तोंडातून निघालेच, तर ते आपण ‘पुन्हा बस, आम्ही आहोत’ असे पुरे करू या.